कोच बदलायचा का? आधी टी.वाय.च्या मुलाकडे बघा

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयाच्या जिमखाना समितीवर यंदा इतिहासाच्या एका प्राध्यापिका आल्या आहेत. त्यांच्या कॉलेजचा मुलांचा बास्केटबॉल संघ पूर्वी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत शेवटच्या चारांत ठरलेला असायचा. गेली तीन वर्षं तो पहिल्या नाहीतर दुसऱ्या सामन्यात बाद होतोय. कोच 11 वर्षं तेच आहेत. मानधनावर सकाळी येतात, दिवसा एका शाळेत नोकरी करतात. एका विश्वस्तांचं म्हणणं, 'माणूस थकला, बदला.' प्राचार्यांनी अहवाल मागितलाय. बाई लिहितात, "मला खेळातलं काही कळत नाही. मी कशावरून ठरवू?" जाता जाता त्यांनी दोन गोष्टी सांगितल्यात: मागच्या वर्षी 12 पैकी 7 मुलं एफ.वाय.ची होती, आणि दोन वर्षांत 4 मुलांनी मधूनच खेळ सोडला.

मॅडम, मी सोलापुरात तीस वर्षं शारीरिक शिक्षण संचालक होतो. त्यातली निम्मी वर्षं बास्केटबॉलचा संघही माझ्याच गळ्यात होता. कोच काढायच्या बैठकीत मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलोय. एकदा काढायला नको होता त्याला काढला, एकदा काढायला हवा होता त्याला ठेवला. दोन्ही हकिकती पुढे येतील, कारण माझं मत त्या चुकांमधूनच बनलंय.

मत आधीच सांगून टाकतो. हार-जीत बघूच नका असं मी म्हणणार नाही, स्कोअर लावतात तो बघण्यासाठीच. पण कॉलेजच्या कोचला नुसत्या निकालावर तोलणं म्हणजे लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर सोनं मोजणं. काटा खोटा नसतो, पण त्याला गुंजभर फरक कळत नाही. कोचचं काम मोजायचं तर एकच गोष्ट विचारा: एफ.वाय.ला आलेला मुलगा टी.वाय.ला पोचेपर्यंत किती सुधारला? त्याची तुलना समोरच्या कॉलेजच्या पोराशी करू नका. त्याचीच त्याच्याशी करा.

असं का, ते सांगतो. बास्केटबॉलमध्ये मैदानावर पाचच जण असतात. कबड्डीत सात, क्रिकेटमध्ये अकरा. पाचांत एक सव्वासहा फुटी पोरगा आला की संघाची जातच बदलते, आणि तीन वर्षांनी तो पदवी घेऊन गेला की पुन्हा होते तसे. हा पोरगा तुमच्याकडे येणार की शेजारच्या इंजिनिअरिंगला जाणार, हे कोच ठरवत नाही. बारावीची टक्केवारी ठरवते, फी ठरवते, कधीकधी पूर्व भागातून कोणत्या कॉलेजला थेट बस आहे तेही ठरवतं. अमेरिकेत कॉलेजचा कोच मुलांच्या घरी जाऊन, शिष्यवृत्ती देऊन त्यांना आणतो. तिथे हरला तर निवडही त्याचीच असते. आपल्याकडे प्रवेशाच्या खिडकीतून जे येईल त्याचा संघ करायचा. म्हणून तुमची तीन वर्षांची हार म्हणजे तीन वेगळे पुरावे आहेत असं समजू नका. एका वर्षी उंच पोरं आली नाहीत, तीच बॅच तीन वर्षं खेळली आणि तीन वर्षं हरली, असं असेल तर तो एकच पुरावा तीनदा मोजलेला आहे. इतिहासाच्या माणसाला हे जास्त सांगायला नको. तीन बखरी एकाच बखरीवरून उतरवलेल्या असल्या तर त्यांना तुम्ही तीन साधनं म्हणत नाही.

एक गंमत सांगतो. हा खेळ 1891 साली डॉ. जेम्स नेस्मिथ यांनी अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये काढला. पुढे ते कॅन्सस विद्यापीठाचे पहिले कोच झाले. त्यांची तिथली कामगिरी 55 विजय आणि 60 पराभव. त्या विद्यापीठाच्या इतक्या वर्षांच्या इतिहासात जिंकण्यापेक्षा हरण्याचा आकडा मोठा असलेला कोच एकच, आणि तो म्हणजे खेळाचा जनक. तुमच्या विश्वस्तांनी त्यांनाही घरी बसवलं असतं.

दुसरं उदाहरण अशा चर्चेत हमखास निघतं, म्हणून ते नीट समजून घ्या. अमेरिकेतल्याच ड्यूक विद्यापीठाने 1980 साली माइक शिशेव्हस्की नावाचा तरुण कोच आणला. दुसऱ्या हंगामात 10 विजय, 17 पराभव. तिसऱ्यात 11 विजय, 17 पराभव, आणि त्या हंगामाच्या शेवटच्या सामन्यात व्हर्जिनियाने त्यांना 109-66 असं धुतलं. माजी विद्यार्थी आणि देणगीदार 'काढा, काढा' म्हणून मागे लागले. तिथले क्रीडा संचालक टॉम बटर्स यांनी त्याला काढला तर नाहीच, पुढच्या हंगामात उलट करार वाढवून दिला. पुढे त्या माणसाने 5 राष्ट्रीय विजेतेपदं घेतली आणि 2022 साली निवृत्त झाला. लोक ही गोष्ट 'धीर धरा' एवढंच सांगायला वापरतात. ती चूक आहे. धीर धरून वाया गेलेले कोच शेकड्याने असतील, त्यांची गोष्ट कोण सांगतो? यातली बघायची गोष्ट वेगळी आहे. 11-17 च्या त्या हंगामात मैदानावर कोण होतं? बरीचशी पहिल्या वर्षाची पोरं. तीच पोरं चौथ्या वर्षाला पोचली तेव्हा, 1985-86 साली, त्या संघाने 37 सामने जिंकले, 3 हरले आणि राष्ट्रीय अंतिम सामना गाठला. तुमच्या संघात मागच्या वर्षी 7 जण एफ.वाय.चे होते असं तुम्ही सहज लिहून गेलात. माझ्या लेखी तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी माहिती तीच.

आता माझी पहिली चूक. कॉलेजचं नाव घेत नाही. शिवाजी विद्यापीठाचा काळ होता, सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ 2004 साली झालं, त्याच्या बऱ्याच आधीची गोष्ट. आमचा कोच दोन वर्षं सलग हरला. समितीत मी सगळ्यात तरुण आणि सगळ्यात जोरात बोलणारा. काढला त्याला. नवा आणला. पहिल्याच वर्षी नव्याने आम्हाला अंतिम सामन्यात नेलं. पेढे वाटले, माझी पाठ थोपटली गेली. दोन वर्षांनी ती पोरं पास होऊन गेली आणि संघ होता त्यापेक्षा खाली बसला. तेव्हा मी जुनी हजेरीवही काढून बघितली. अंतिम सामन्यातली पाचापैकी तीन पोरं अकरावी-बारावीत असताना पहाटे मैदानावर येत होती, आणि वहीवर सही जुन्या कोचची होती. पेरलं त्याने, कापणी दुसऱ्याची, पेढे माझे. नंतर एकदा गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर तो भेटला, मुलीला घेऊन आला होता. नमस्कार केला त्याने. मला काही बोलता आलं नाही.

तर काढायचं की ठेवायचं हे ठरवायच्या आधी तुम्ही काय बघायचं? खेळ कळत नाही ही अडचण तुम्ही समजता तेवढी मोठी नाही. कागद वाचता येतो ना? मग स्कोअरशीट मागवा. शेवटच्या तीन वर्षांच्या जेवढ्या मिळतील तेवढ्या.

स्कोअरशीटवर उजव्या बाजूला 1 पासून पुढे आकड्यांच्या रांगा असतात. तो चालता स्कोअर. प्रत्येक बास्केटला खेळाडूचा नंबर लिहून आकड्यावर खूण करतात: दोन गुणांना तिरकी रेघ, फ्री थ्रोच्या (समोरच्याच्या फाउलबद्दल मिळालेल्या मोकळ्या शॉटच्या) एका गुणाला भरीव ठिपका, तीन गुणांच्या बास्केटला खेळाडूच्या नंबराभोवती गोल. डाव्या बाजूला खेळाडूंची नावं, प्रत्येकाचे फाउल आणि संघाने घेतलेले टाइम-आउट, म्हणजे खेळ थांबवून पोरांशी बोलायला घेतलेला वेळ. कोणत्या क्वार्टरच्या कितव्या मिनिटाला टाइम-आउट घेतला तेही चौकटीत लिहिलेलं असतं. आता हे तीन ठिकाणी वापरा.

पहिलं फ्री थ्रो. समोरच्या संघाच्या फाउलांच्या चौकटीत पी च्या (पर्सनल फाउलच्या खुणेच्या) पायाशी 1, 2 किंवा 3 असा बारीक आकडा दिसेल. तेवढे फ्री थ्रो तुमच्या संघाला मिळाले. त्यांची बेरीज करा, मग तुमच्या बाजूचे भरीव ठिपके मोजा. मिळाले किती, घातले किती, निघालं प्रमाण. हाच आकडा आधी का बघायचा? कारण फ्री थ्रोला समोर कोणी अडवायला नसतं, उंचीचा फायदा नसतो, रेफरीचा दोष नसतो. बोर्डापासून 4.60 मीटरवरची रेघ, चेंडू आणि पोरगा. तिथे जे दिसतं ती निव्वळ सरावाची कमाई. एखादा मुलगा एफ.वाय.ला दहातले चार घालत होता आणि टी.वाय.लाही चारच घालतो, तर कोचला विचारायचा प्रश्न तुम्हाला मिळाला.

दुसरं टाइम-आउट. चालत्या स्कोअरमध्ये एका बाजूचे नंबर भराभर वर चढलेत आणि दुसरी बाजू थांबलीय अशी जागा शोधा. समोरच्यांनी सलग दहा-बारा गुण केले तेव्हा आपल्या कोचने काय केलं? पूर्वार्धात 2 टाइम-आउट मिळतात, उत्तरार्धात 3. ते न वापरता सामना हरला असेल तर खिशात पैसे ठेवून उपाशी झोपण्यातला प्रकार. एखाद्या सामन्यात असं होतं, मीही केलंय. पाच सामन्यांत तेच दिसलं तर माणूस बेंचवर बसून सामना बघतोय, चालवत नाही.

तिसरं, शेवटचा क्वार्टर. दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर असतात. तीन क्वार्टर बरोबरीत आणि चौथ्यात वीसने मागे, असं वारंवार घडत असेल तर बहुधा दोनच कारणं: दम नाही, किंवा बेंचवरची पोरं तयार नाहीत म्हणून पाच जणांनाच ताणलं. दोन्ही कोचच्या हातातली. उलट पहिल्या क्वार्टरलाच पंधराने मागे आणि मग उरलेले तिन्ही क्वार्टर जवळपास बरोबरीत, असं दिसलं तर मला तो कोच आवडेल. पोरं उंचीला कमी आहेत पण कोणी सोडून दिलेलं नाही.

कागद झाले. आता मैदान. तीन दिवस, न सांगता, पावणेसहाला जा. तीनही दिवस सलग नकोत, आठवड्याभरात विखरून. पहिल्या दिवशी तुम्हाला बघून सगळे शहाण्यासारखे वागतील, तो दिवस हिशोबात धरू नका. तिसऱ्या दिवसापर्यंत तुम्ही कडुनिंबासारख्याच मैदानाचा भाग झालेल्या असाल.

तिथे एका मुलावर नजर ठेवा, चांगल्या खेळणाऱ्यावर नको, दहाव्या-अकराव्या नंबरच्या मुलावर. दहा मिनिटं घड्याळ लावा आणि त्याच्या हाताला चेंडू किती वेळा लागला ते मोजा. चौदा पोरांची एक रांग, एक चेंडू, प्रत्येकाला ले-अपला, म्हणजे धावत जाऊन रिंगजवळून टाकायच्या शॉटला, आठ सेकंद धरा. म्हणजे पाळी यायला जवळजवळ दोन मिनिटं, दहा मिनिटांत पाच शॉट. बाकी वेळ पोरगं रांगेत उभं राहून गप्पा मारणार. त्याच चौदा पोरांचे तीन-चार गट करून दोन्ही रिंगांवर लावले तर त्याच दहा मिनिटांत पंधरा-वीस शॉट होतात. याला ज्ञान लागत नाही, आळस सोडावा लागतो. माझ्या अनुभवात थकलेला कोच ओळखायची खूण हीच: रांग लांब होत जाते.

आणि तो चूक दाखवतो कशी ते ऐका. 'नीट टाक बे' हे कोचिंग नव्हे, ते मीही गॅलरीतून ओरडू शकतो. 'कोपर बाहेर जातंय, रिंगकडे ठेव', 'उजवा पाय आधी पडला, म्हणून ट्रॅव्हलिंग झालं' (चेंडू हातात धरून जादा पावलं पडली) हे कोचिंग. सोलापुरात एक खास गोष्ट बघायला मिळेल. बचाव करताना पोरांनी सतत एकमेकांशी बोलायचं असतं, कोण कुणाला धरतंय, स्क्रीन, म्हणजे आपली वाट अडवायला मध्ये उभा राहणारा समोरचा खेळाडू, कुठून येतोय. आपल्याकडच्या एका संघात घरी तेलुगू बोलणारी चार, कानडी बोलणारी दोन, उर्दू बोलणारी तीन अशी पोरं सहज असतात. मराठीत 'डावीकडून आला' म्हणेपर्यंत समोरचा ले-अप मारून गेलेला असतो, कानडी पोरगं नुसतं 'एड' म्हणून मोकळं होतं. एका कोचने यावर संघाची स्वतःची सात-आठ शब्दांची खिचडी भाषा केली होती, तीन भाषांतून सगळ्यात आखूड शब्द उचलून. त्याचा संघ फार जिंकला नाही, पण मी त्याला कधी काढला नसता. तुमच्या मैदानावर पोरं बचावात बोलतात की मुकी असतात, एवढं ऐका. मुका संघ हा बहुतेक वेळा न शिकवलेला संघ असतो.

मग मुलांशी बोला. 'सर कसे आहेत?' हा प्रश्न अजिबात विचारू नका. जे खेळवले जातात ते 'छान' म्हणतील, जे बेंचवर आहेत ते काहीबाही सांगतील, आणि दुपारपर्यंत सगळं कोचच्या कानावर गेलेलं असेल. एकेकट्याला विचारा: 'मागच्या वर्षी येत नव्हतं आणि आता येतं असं काय आहे?' जो मुलगा पटकन सांगतो, 'मॅडम, डाव्या हाताने ले-अप येत नव्हता, आता येतो,' त्याच्या कोचबद्दल तुम्हाला कळायचं ते कळलं. तीन-चार मुलं डोकं खाजवत उभी राहिली तर तेही कळलंच.

सोडून गेलेल्या त्या चौघांना मात्र अवश्य गाठा. तुमच्या सगळ्या चौकशीत हा भाग मी सर्वात वर ठेवेन. सोलापुरात पोरं खेळ सोडतात त्याची कारणं बहुतेकदा घरची असतात. यंत्रमागावर रात्रपाळी लागली, वडिलांचं काम सुटलं, पहाटे पाणी भरायचं असतं कारण नळाला रोज पाणी येत नाही. ते कोचच्या माथी मारता येत नाही. पण चौघांपैकी दोघांनी जरी एकमेकांना न विचारता 'सर सगळ्यांसमोर घालून पाडून बोलायचे' असं सांगितलं, तर थांबून ऐका.

कारण माझी दुसरी चूक तिथेच झाली. एका ठिकाणी मुलींच्या संघाचा कोच होता. माणूस प्रामाणिक, वेळेचा पक्का, मानधन तीन-तीन महिने उशिरा मिळालं तरी तक्रार नाही. संघ हरायचा, पण मी पहिल्या चुकीची आठवण ठेवून त्याला पाठीशी घातला. दरवर्षी म्हणायचो, पोरी लहान आहेत, वेळ द्या. त्याच्या तोंडाला लगाम नव्हता हे मला माहीत होतं. 'खेळात एवढं चालतं' असं मीच मुलींना सांगितलं. तिसऱ्या वर्षी सरावाला पाच मुली उरल्या. सामन्याला पाच लागतात, त्यामुळे कागदावर संघ होता. चौथ्या वर्षी प्रवेशिका भरता आली नाही. त्यातली एक मुलगी शाळेत राज्य पातळीवर खेळून आलेली होती. ती आता बँकेत आहे, भेटली की हसून बोलते, बास्केटबॉलचा विषय काढत नाही. तिथे संघ जिंकत होता की हरत होता याला काहीच अर्थ नव्हता. मुली सुधारायला मैदानावर उरायला तर हव्यात.

मारहाण, पैशांची अफरातफर, मुलींच्या बाबतीत गैरवर्तन यांतलं काही निघालं तर हा अहवाल बाजूला ठेवा. ते कोच बदलायचं प्रकरण राहत नाही. प्राचार्यांकडे लेखी द्या. लैंगिक छळाची तक्रार असेल तर 2013 च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत तक्रार समितीकडे. तिथे हंगाम संपायची वाट बघायची नसते.

आता कॉलेजच्या पदरातलं माप. अहवालात हे लिहायला तुम्हाला जड जाईल, पण लिहा. मैदानाच्या रेघा शेवटच्या कधी मारल्या? तीन गुणांची रेघ 2010 पासून 6.75 मीटरवर गेली, तुमच्या मैदानावर अजून 6.25 चीच दिसली तर पोरं रोज चुकीच्या अंतरावरून सराव करतायत. चेंडू किती आहेत आणि त्यातले किती गुळगुळीत झालेत? सिमेंटच्या मैदानावर चेंडू एका हंगामात टक्कल पडल्यासारखा होतो. दिवे आहेत का? आपल्याकडे मार्चपासून सकाळी आठनंतर सिमेंटवर उभं राहवत नाही, एप्रिल-मेमध्ये पारा 43-44 ला जातो, म्हणजे दिवे नसलेल्या मैदानावर पहाटेचा दीड तास हाच सगळा सराव. त्यात सकाळची प्रॅक्टिकल्स सात वाजता लावली असतील तर तोही गेला. ज्या वर्षांत संघ शेवटच्या चारांत होता तेव्हा वेळापत्रक काय होतं आणि आता काय आहे, ते कार्यालयातून काढा. मी एका कॉलेजात बघितलंय, संघाची घसरण आणि विज्ञान शाखेच्या तासिका सकाळी गेल्या ते वर्ष एकच होतं. कोच उगाच शिव्या खात होता.

हे सगळं झालं की शेवटी कोच सरांशी बोला, पण त्यांच्याशी बोलल्याशिवाय अहवाल देऊ नका. मानधनावरचा माणूस, करार 11 महिन्यांचा, नाही वाढवला तर संपला, असं कार्यालय सांगेल. कागदोपत्री खरंही असेल. तरी 11 वर्षं पहाटे येणाऱ्याला आपली बाजू मांडायची संधी न देता काढणं शोभत नाही. त्यांना सरळ विचारा, 'सर, आपण का हरतोय?' आणि उत्तराचे हिस्से मोजा. सगळं खापर पोरांवर, 'आजकालची पोरं मोबाइलवर असतात', असं आलं तर मला काळजी वाटेल. सगळं स्वतःवर घेतलं तरी फार विश्वास ठेवू नका, ते नोकरी वाचवायचं बोलणं असतं. चांगला कोच बारीकसारीक सांगतो: 'आपण रिबाउंडला तोकडे पडतो, म्हणून यंदा झोन लावून बघितला, पण कोपऱ्यातून शॉट बसले.' (रिबाउंड म्हणजे रिंगवरून परत उडालेला चेंडू, झोन म्हणजे माणसं न धरता जागा वाटून केलेला बचाव.) आणखी एक विचारा: गेल्या दोन वर्षांत तुम्ही स्वतः काय बदललं? ज्याला यावर एकही उदाहरण देता येत नाही त्याच्याबद्दल विश्वस्तांचं 'थकला' हे बरोबर असू शकतं. शहाणे लोकही थकतात, त्यात लाज नाही.

आणि बदलणार तर कोणाला आणणार? बैठकीत हा प्रश्न सगळ्यात शेवटी निघतो, तो पहिल्यांदा काढा. पटियाळाच्या क्रीडा संस्थेचा डिप्लोमा केलेला बास्केटबॉल कोच सोलापुरात मानधनावर पहाटे यायला रांग लावून उभा नसतो. खरं म्हणजे तुमच्यासमोर एखाद-दुसरा माजी खेळाडू असेल. तो खेळायला उत्तम असेल, पण खेळता येणं आणि शिकवता येणं यांत भाकरी खाणं आणि थापणं एवढं अंतर आहे. अमेरिकेतल्या तीन अभ्यासकांनी तिथल्या कॉलेज फुटबॉलमध्ये कोच बदललेले संघ आणि तशाच अवस्थेत कोच न बदललेले संघ यांची तुलना केली होती. अगदी तळाच्या संघांना बदलून फारसा फायदा झालेला दिसला नाही. मधल्या पायरीवरचे संघ तर बदलल्यावर, न बदललेल्यांपेक्षा मागे पडले. त्यांचा खेळ वेगळा, पैसा वेगळा, ते आपल्याला जसंच्या तसं लागू करू नका. पण 'बदल केला की काहीतरी होईलच' हे समितीतलं आवडतं वाक्य त्याने थोडं हळू आवाजात निघेल.

जुन्या कोचच्या हाताखाली नवा तरुण 'सहायक' म्हणून आणून बसवायची युक्ती तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. दोघांना आधीपासून एकमेकांबद्दल माहीत असेल आणि कामं वाटलेली असतील तरच करा. नाहीतर पोरांना दोन घरचे पाहुणे करून सोडाल.

तुम्ही दिलेल्या माहितीवर मला आज विचारलंत तर मी त्यांना एक वर्ष देईन. 7 पोरं एफ.वाय.ची होती, ती यंदा एस.वाय.ला आहेत, त्यांच्यावरच निकाल लागू द्या. पण ते वर्ष मोकळं सोडायचं नाही. तीन गोष्टी कागदावर आणायच्या: ऑगस्टमध्ये प्रत्येक मुलाचे 50 फ्री थ्रो मोजायचे आणि हंगाम संपल्यावर पुन्हा 50, सरावाची हजेरीवही दर महिन्याला तुमच्याकडे यायची, आणि एकही मुलगा सोडून गेला तर का, ते तुम्ही त्या मुलाच्या तोंडून ऐकायचं. बदल्यात कॉलेजने रेघा, चेंडू आणि दिवे द्यायचे. ते देणार नसाल तर अटीही घालू नका. हे सगळं एका अटीवर: सोडून गेलेली चौघं घरच्या कारणाने गेली असतील तर. सरांच्या तोंडामुळे गेली असतील, तर माझं एक वर्ष मागे घेतो. मुलींच्या त्या संघानंतर मला त्यात वाद घालायचा नाही.

काढायचं ठरलं तर हंगामाच्या मध्ये नको. स्पर्धा संपल्यावर, जानेवारीत, गड्डा उरकला की सांगा. म्हणजे नव्या माणसाला तुमच्याच ज्युनिअर कॉलेजची 19 वर्षांखालच्या स्पर्धेत खेळलेली पोरं बघायला आणि बारावीनंतर ती इथेच राहावीत म्हणून बोलायला वेळ मिळतो. सांगायचं प्राचार्यांनी, बसवून, चहा देऊन, थकलेलं मानधन त्याच दिवशी चुकतं करून. शिपायाच्या हातून पाकीट पाठवू नका. मी पाठवू दिलं होतं.

शेवटी स्कोअरशीट कुठे मिळतील ते राहिलंच. बास्केटबॉलच्या नियमाप्रमाणे एक मूळ आणि तीन प्रती निघतात. जिंकलेल्या संघाला गुलाबी, हरलेल्याला पिवळी. स्थानिक स्पर्धांत हल्ली रंगीत प्रती कोण काढतो, मोबाइलवर फोटो मारून घेतात. जिमखान्यात सापडल्या नाहीत तर सरळ कोच सरांकडे मागा. तीन वर्षांच्या हरलेल्या सामन्यांचे कागद त्यांनी जपून ठेवलेत का, आणि त्यांवर समासात स्वतःच्या हाताने काही लिहिलंय का, ते बघा. लिहिलेलं असेल तर मला एक फोटो पाठवा, वाचायला आवडेल.